झीलकऱ्याचे नाव कुणी लिहिले?

गेल्या भीमजयंतीला आमच्या वस्तीच्या तोंडाशी जो फलक लागला होता, त्यावर गायकाचा फोटो माणसाच्या दुप्पट उंचीचा होता. खाली मंडळाच्या अध्यक्षांपासून खजिनदारांपर्यंत सगळ्यांचे पासपोर्ट साईज चेहरे. ढोलकीवाला, पेटीवाला आणि कोरसमध्ये उभ्या राहिलेल्या दोन मुली यांचे मात्र त्या फलकावर नावसुद्धा नव्हते. तो फलक आम्हीच छापून घेतला होता, तेव्हा ही तक्रार दुसऱ्या कुणाविरुद्ध नाही. रात्री कार्यक्रम संपल्यावर वस्तीतले एक नव्वदीचे बाबा काठी टेकत आमच्यापाशी आले आणि ढोलकीवरच्या पोराचे नाव विचारू लागले. आम्हाला सांगता आले नाही. बाबा काही बोलले नाहीत, निघून गेले.

हे बाबा १९५० च्या दशकात एका जलसा मंडळात झील ओढत असत. झील म्हणजे शाहिराच्या मागे उभे राहून ध्रुपद उचलून धरणे. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक वही काढली. कडा उंदरांनी खाल्लेल्या, शाई उडालेली. वहीत चाळीसेक गाणी. आम्ही अभ्यासकाच्या थाटात विचारले, ही गाणी लिहिली कुणी? बाबांना प्रश्नच कळेना. आम्ही तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारला. शेवटी त्यांनी जे सांगितले त्याचा मतितार्थ असा, की चाल एकाने आणायची, मजकूर दुसऱ्याने सांगायचा, शब्द बसत नसला की तिसऱ्याने बदलायचा, आणि लोक हसले नाहीत तर ते कडवे दुसऱ्या गावाला जाण्याआधी सगळ्यांनी मिळून काढून टाकायचे. वही नीट पाहिली तर अक्षरही एकाच हाताचे नव्हते. कुठे पेन्सिल, कुठे टाक. खोडाखोड तर पानोपानी.

आमचा प्रश्नच चुकला होता. तो का चुकला याचा शोध घेत गेलो तेव्हा हा लेख झाला.

‘हे कुणी लिहिले?’ हा प्रश्न वरवर निरागस वाटतो, पण निर्मिती एकाच डोक्यात होते हे त्यात आधीच गृहीत धरलेले असते. ही समजूत आली कुठून? संस्कृत काव्यशास्त्र उघडून पाहावे. मम्मटाने काव्यप्रकाशात काव्याची कारणे सांगताना निपुणता आणि अभ्यास यांच्याही आधी ‘शक्ती’ ठेवली आहे. ही शक्ती म्हणजे एक विशेष संस्कार, कवित्वाचे बीजच. दंडीने तर प्रतिभेचा संबंध सरळ पूर्ववासनेशी, म्हणजे मागच्या जन्मीच्या साठवणीशी जोडला आहे. (न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे की अशी प्रतिभा नसली तरी श्रवण आणि यत्न यांनी वाणी प्रसन्न होते, असेही त्याच दंडीने लगेच म्हटले आहे. पण परंपरेने उचलून धरले ते पहिले वाक्य.) आता ज्या व्यवस्थेत माणसाचा जन्म, धंदा आणि पाणवठा मागच्या जन्मीच्या कर्मावर ठरत होता, त्याच व्यवस्थेत कवित्वही मागच्या जन्मातूनच येणार, यात नवल ते काय? प्रतिभा जन्माने मिळते असे एकदा मानले, की ती कोणत्या जातीत जन्माला येते हे वेगळे सांगावे लागत नाही.

कलेच्या कष्टांचीही जातवार वाटणी होतीच. चामडे कमवणारा वेगळा, वाद्य मढवणारा वेगळा, वाजवणारा वेगळा, नाचणारी वेगळी. आणि वहीवर नाव घालणारा वेगळा. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये १९३६ साली म्हटले होते की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. हे आपण शेती आणि कारखान्याला लावतो, गाण्याला लावत नाही. हलगी वाजवणे हे मांगाचे गावकीचे काम होते. मिरवणूक देवाची असो की लग्नाची, वाजवायचे त्याने आणि दूरही उभे राहायचे त्यानेच. तमाशाच्या फडांत महार-मांग कलावंतांचा भरणा होता, कारण ते ‘हलके’ काम होते. म्हणजे कला आमच्या पूर्वजांच्या हातात होतीच. फक्त ती कुणापुढे सादर करायची आणि तिच्यातून काय बोलायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आंबेडकरी जलशाने हा अधिकार घेतला, आणि तो एकट्याने घेण्यासारखा नव्हताच.

पार्श्वभूमी थोडक्यात. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले, १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पवाडा लिहिला. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ चा. पुढे ओतूरच्या भीमराव महामुनींसारख्या माणसांनी तमाशाचा साचा उचलून सत्यशोधकी जलसे उभे केले. साचा तोच, म्हणजे गण, गवळण, बतावणी, वग. पण गणातल्या गणपतीचा अर्थ गणांचा, म्हणजे लोकांचा नायक असा लावला, आणि वगात राजाराणीऐवजी भट-सावकाराच्या कचाट्यात सापडलेला कुणबी आणला. १९२० च्या सुमारास सातारा भागात या जलशांनी रान पेटवले होते.

आमच्या चळवळीने हाच साचा पुढे नेला. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची काही वर्षे तो जिल्हा धगधगत होता. त्याच वातावरणात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांचे जलसा मंडळ उभे राहिले. हळूहळू नगर, पुणे, मुंबई, खानदेश, जिथे म्हणून सभा होत होत्या तिथे जलसे झाले. गणातले देवाचे नमन गेले आणि बाबासाहेबांचे, चळवळीचे स्तवन आले. वगाचे विषय म्हणजे मेलेली जनावरे ओढणे बंद करा, मृतमांस सोडा, महारकीच्या वतनाला चिकटून राहू नका, पोरांना शाळेत घाला. बाबासाहेबांनी आपल्या दहा भाषणांचे काम एक जलसा करतो असा कर्डकांचा गौरव केल्याची आठवण चळवळीत सर्वांना तोंडपाठ आहे. ती आम्हीही व्यासपीठावरून किती वेळा सांगितली असेल! पण कर्डकांच्या मागे उभे राहून झील ओढणाऱ्यांपैकी एकाचे तरी नाव आम्हाला सांगता येईल काय? कर्डकांनी स्वतः ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप आणि कार्य’ हे पुस्तक १९७८ मध्ये लिहून ठेवले म्हणून एवढे तरी कळते. बाकीच्या कित्येक मंडळांचे पुस्तक नाही, वही नाही आणि आता माणसेही नाहीत.

जलशाची निर्मिती होत कशी होती, हे आता बारकाईने पाहू, कारण सगळा वाद त्यातच आहे.

आधी झील. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, शाहीर गातो आणि मागचे चौघे नुसते री ओढतात. खरा व्यवहार वेगळा आहे. शाहीर कडवे संपवतो आणि झीलकरी ध्रुपद उचलतात, ते एकदा, दोनदा, गरज पडली तर चारदा घोळवतात. तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ मनात जुळवतो, समोर कोण बसले आहे ते पाहतो. पाटील येऊन उभा राहिलाय का? बायका उठून चालल्यात का? त्यावरून पुढचे कडवे ठरते. जिला आपण शाहिराची हजरजबाबी प्रतिभा म्हणतो, तिला लागणारा वेळ झीलकरी कमावून देतात. ढोलकीवाला थाप बदलून सांगतो की आता थांब, लोकांना हसू दे. सोंगाड्या मध्येच भलता प्रश्न विचारून शाहिराला अडवतो, आणि त्या अडवण्यातून जे उत्तर बाहेर पडते ते आधी कुणाच्याच वहीत नसते. चार माणसांच्या मध्ये जी रिकामी जागा असते, तिथे ते जन्माला येते. सवाल-जवाबाची सगळी गंमत या एका गोष्टीवर उभी आहे.

दुसरी गोष्ट वाचनाची. मंडळातल्या सगळ्यांना वाचता येत नव्हते. ज्याला येत असे तो ‘जनता’चा अंक मोठ्याने वाचायचा, बाकीचे भोवती बसून ऐकायचे. वाचणारा अर्थ सांगायचा, ऐकणारे तो आपल्या गावच्या भाषेत फिरवून विचारायचे. गोलमेज परिषद म्हणजे काय, स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे काय, पुणे करारात काय गेले आणि काय मिळाले? २४ सप्टेंबर १९३२ च्या त्या कराराचा इंग्रजी मसुदा आणि गावच्या महारवाड्यातली म्हातारी यांच्यामध्ये ही माणसे उभी होती. घटनात्मक प्रश्नाचा फार्स करायचा तर एकाला तो प्रश्न कळावा लागतो, दुसऱ्याला म्हातारीची बोली यावी लागते आणि तिसऱ्याला ठेका. हे तिन्ही एकाच माणसात असणे त्या काळात जवळजवळ अशक्य होते, कारण शिक्षण नाकारले गेले होते. समूह ही आमच्या पूर्वजांची हौस नव्हती. एकाला अक्षर, दुसऱ्याला सूर, तिसऱ्याला रात्रपाळीनंतरचा रिकामा वेळ, असे जे तुकड्यातुकड्याने हाताशी होते ते एकत्र केल्याशिवाय पूर्ण माणूसच तयार होत नव्हता.

तिसरी गोष्ट चालीची. आजही आमच्या गाण्यांना नाक मुरडले जाते की बघा, चाली सगळ्या सिनेमाच्या! चाल ओळखीची का घ्यायची, याचा विचार नाक मुरडणाऱ्यांनी कधी केला नाही. ओळखीची चाल घेतली की समोर बसलेले पाचशे लोक पहिल्या कडव्यानंतर आपोआप झीलकरी होतात. गाणे घरी जाते, गिरणीत जाते, जात्यावर जाते. तिथे त्याचे शब्द पुन्हा बदलतात. ते गाणे परत येते तेव्हा त्यात एखादे कडवे वाढलेले असते आणि ते कुणाचे हे शाहिरालाही सांगता येत नाही.

इथे कुणी तरुण मित्र विचारील, आणि आम्हाला तो विचारलाही गेला आहे, की मग बाबासाहेबांचे काय? ते तर एकटेच होते ना? त्यांची बुद्धिमत्ता तुम्ही कोणत्या झीलकऱ्यांत वाटणार?

प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांची विद्वत्ता त्यांच्या स्वतःच्या रक्ताघामाची होती, तीत कुणाला वाटेकरी करण्याचा आमचा इरादा नाही. पण ते स्वतः या एकटेपणाबद्दल काय म्हणत होते? ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला आणि फार काळ टिकला नाही. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्या पाक्षिकाचे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत होते. ही गोष्ट आपण आज अभिमानाने सांगतो. बाबासाहेबांनी मात्र त्याच पत्रात ती व्यथा म्हणून मांडली होती. लिहिणारे सहकारी नाहीत, मदत नाही, वर्गणी येत नाही, असा तो हिशेब होता. १९२९ मध्ये ते पत्र बंद पडले. पुढे २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’ निघाले. त्याला देवराव नाईक, भा. र. कद्रेकर, गं. नी. सहस्रबुद्धे असे संपादक लाभले, गावोगावचे बातमीदार मिळाले, आणि ते १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ होईपर्यंत चालले. एकट्याने रकाने भरावे लागणारे पत्र अडीच-पावणेतीन वर्षे, अनेकांच्या हातांनी चाललेले पंचवीस. आम्ही मात्र चोवीस रकान्यांचे कौतुक करतो आणि पंचवीस वर्षांच्या बातमीदारांना विसरतो.

कोलंबियात असताना जॉन ड्युईंच्या वर्गात बसलेल्या बाबासाहेबांनी लोकशाहीची व्याख्याच अशी केली आहे की ती केवळ राज्यपद्धती नाही, ती सहजीवनाची, अनुभव एकमेकांत वाटून घेण्याची रीत आहे. आणि धम्माकडे वळले तर ‘संगीती’ या शब्दाचा अर्थच मुळी एकत्र म्हणणे असा आहे. परंपरेनुसार तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पाचशे भिक्खू जमले. उपालीला विनयाबद्दल आणि आनंदाला धम्माबद्दल प्रश्न विचारले गेले, त्यांनी आठवून सांगितले आणि सर्वांनी मिळून त्याचे संगायन केले. कैक पिढ्या ते वाङ्मय भाणकांच्या तोंडीच राहिले. त्रिपिटकावर लेखक म्हणून कुणाचे नाव घालणार आहात?

वामनदादा कर्डक यांचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस मुंबईत मिळेल ती मजुरी करत होता. चाळीतल्या एकाने पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि वामनदादांना वाचता येईना. तो अपमान त्यांना इतका झोंबला की त्यांनी समता सैनिक दलातल्या एका सहकाऱ्याकडून अक्षरे गिरवून घेतली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ती पक्की केली. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले, तेही एका हिंदी सिनेमागीताचे विडंबन म्हणून. पत्र वाचायला देणारा शेजारी, अक्षर शिकवणारा दलातला माणूस, चाल पुरवणारा सिनेमा, आणि पुढे साठ वर्षे गावोगाव त्यांची गाणी वह्यांत उतरवून घेणारे, हरवलेले शब्द स्वतःच्या शब्दांनी भरून काढणारे गायक. एवढे सगळे मोजल्यावर वामनदादा लहान होतात काय? आम्हाला तर ते मोठेच दिसतात. शेवटच्या कडव्यात ते आपल्या नावाची छाप घालत, पण ती छाप ऐकू येत असे कोरसच्या गळ्यातून.

प्रस्थापित समीक्षेने या सगळ्याला एका शब्दात निकालात काढले. तो शब्द म्हणजे ‘प्रचारकी’. समूहातून घोषणा निघतात, कविता निघत नाही, असा त्यांचा सूर. याला आम्ही फार वेळ देणार नाही. कीर्तन हा प्रचार नव्हे काय? मेळे प्रचाराचे नव्हते काय? फक्त ज्याचा प्रचार आपल्या हिताचा असतो तो संस्कार ठरतो. आणि दर्जाचेच म्हणाल तर खोडाखोडीने भरलेली ती वही पाहावी. पसंत न पडलेले कडवे रात्री दोन वाजता, दुसऱ्या गावच्या वाटेवर टाकून देणाऱ्या त्या पाच-सहा जणांइतका कठोर संपादक कोणत्या मासिकाकडे होता?

पण आपल्या समूहाचे दोष झाकून हा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे जलशाच्या समूहात बाई नव्हती. स्त्रीपात्र पुरुषच साडी नेसून करत. यामागे कारण होते, आणि तेही समजून घेतले पाहिजे. तमाशात आमच्याच आयाबहिणींना नाचवले जात होते. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ‘पठ्ठे बापूराव’ म्हणून लावणीसम्राट झाले. त्यांच्या फडाची शान होती ती पवळा हिवरगावकर या महार समाजातल्या कलावंत स्त्रीमुळे. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी खेळांचे उत्पन्न मदत म्हणून देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकीकत अनेकांनी सांगितली आहे. आमच्या स्त्रीला नाचवून आलेला पैसा आमच्या मुक्तीच्या लढ्याला नको, असा त्या नकाराचा अर्थ. तो नकार आम्हाला आजही योग्य वाटतो. पण जलसाकारांनी त्याचा विस्तार असा केला की शोषण तर बाहेर गेलेच, आणि त्याच दाराने बाईही बाहेर गेली. तिचा गळा, तिचे पाठांतर, लोकांना बांधून ठेवण्याची तिची ताकद, हे सगळे गमावून मंडळ उभे राहिले. बाईच्या तोंडची वाक्ये पुरुषांनी लिहिली, पुरुषांनी म्हटली आणि पुरुषांनीच बायकांना ऐकवली.

बाई काही गप्प बसली नाही. तिने आपला समूह जात्यावर केला. एका खुंट्याला दोन बायकांचे हात, एकीने पहिली ओळ टाकायची, दुसरीने उचलून पुढची द्यायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रभरातून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत भीमरावावरच्या ओव्या आहेत, रमाईवरच्या आहेत. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या आहेत. या बायकांनी बाबासाहेबांना भाऊ केले, बाप केले, त्यांच्या गाडीची वाट पाहिली. विठोबाला जसे गायले त्याच लयीत त्यांनी भीमरावाला गायले आणि विठोबाला बाजूला सारले. हे धर्मांतर कोणत्याही ठरावाची वाट न पाहता जात्यावर घडत होते. आणि तरीही आम्ही आंबेडकरी साहित्याचा इतिहास लिहायला बसतो तेव्हा सुरुवात छापील कवितासंग्रहापासून करतो. पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. हाताचे कष्ट वाचले याचा आनंदच आहे, पण दोघींची ती बैठक मोडली. तिच्या जागी दुसरी कोणती बैठक आपण उभी केली?

एक झाली, आणि ती सांगितलीच पाहिजे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी गावोगाव हिंडल्या, चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांच्या घरी बसल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आले. पुस्तकाच्या नावातच ‘आम्ही’ आहे. दोघी लिहिणाऱ्या, आणि सांगणाऱ्या कितीतरी. इतिहास लिहिण्याची ती जात्यावरचीच रीत होती.

दुसरा दोष नावाचा. मंडळ वाढले की नाव एकाचे होते. १९४४ मध्ये उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकातून आपल्याला अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर ही तीन नावे आठवतात. पथक तेवढ्यावर चालत नव्हते. मग कॅसेट आली आणि मुखपृष्ठावर एकच चेहरा मावू लागला. मानधन चेहऱ्याला, प्रवासखर्च बाकीच्यांना. १९७२ मध्ये पँथर जन्माला आली तीही वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारसारख्या ठिकाणी रात्र रात्र चाललेल्या गप्पा-भांडणांतून, एकमेकांच्या कविता फाडण्यातून. दोनच वर्षांत ती फुटली. फुटीची राजकीय कारणे वेगळी आहेत आणि त्यांवर आम्ही इथे बोलणार नाही. एवढेच नोंदवतो की त्या खोल्यांतली भांडणे जोवर कवितेवर होती तोवर त्यांतून कविता निघाल्या, आणि ती नावावर आली तेव्हा पत्रके निघाली.

आज आमची तरुण मुले रॅप करतात, रील करतात. त्यांचे गाणे आम्हाला आवडते. पण मोबाईल एका माणसाच्या हातात मावतो आणि कॅमेरा एका चेहऱ्याकडे वळलेला असतो. बीट कुणी बनवला, शब्द कुणी दुरुस्त केला, कोणत्या खोलीत बसून केला, हे पडद्यावर दिसत नाही. बीट करणारा तो मुलगा आणखी पन्नास वर्षांनी काठी टेकत येईल.

म्हणून आमच्या मंडळाने या पावसाळ्यात एक काम सुरू केले आहे. वस्तीत आणि आसपासच्या गावांत जी जी जलसा मंडळे आणि गायन पार्ट्या होऊन गेल्या, त्यांच्यातल्या प्रत्येकाचे नाव लिहून घ्यायचे. शाहिराचे शेवटी, आधी ढोलकीवाल्याचे, झीलकऱ्यांचे, साडी नेसून उभे राहणाऱ्याचे, कंदील धरणाऱ्याचे, आणि रात्री दोन वाजता सगळ्यांसाठी भाकरी थापून ठेवणाऱ्या बाईचे. बाबांच्या मंडळात आठ जण होते. सहांची पूर्ण नावे मिळाली. एकाचे फक्त टोपणनाव आहे. आणि भाकरी थापणाऱ्या बाईला सगळे वहिनी म्हणत, त्यामुळे तिचे नाव बाबांनाही ठाऊक नाही. तिचे माहेर निफाडकडचे होते एवढे कळले आहे. पुढच्या रविवारी आम्ही तिकडे जात आहोत, ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी सातला बुद्धविहारापाशी यावे. येताना वही आणि पेन आणावे. जयभीम.